ब्रिटनमध्ये फुटबॉल खेळायचंय? परवान्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत आणि दर जुलैत, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या सुरू झाल्या की हेच प्रश्न येतात. काही नुसत्या कुतूहलापोटी, काही घरातला पोरगा चांगला खेळतो म्हणून. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

‘वर्क परमिट’ म्हणजे नेमका कुठला कागद?

त्या नावाचा कागद आता नाही. बोलण्यात शब्द उरलाय, एवढंच. प्रत्यक्षात दोन वेगळ्या दारांतून जावं लागतं. पहिलं दार फुटबॉल संघटनेचं. इंग्लंडमध्ये खेळायचं तर तिथली एफए ‘हा खेळाडू आमच्या निकषांत बसतो’ अशी शिफारस देते. तिला गव्हर्निंग बॉडी एन्डॉर्समेंट म्हणतात, तोंडी सगळे जीबीई म्हणतात. दुसरं दार गृहखात्याचं, म्हणजे व्हिसा. ११ ऑक्टोबर २०२१ पासून खेळाडूंसाठी ‘इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन’ नावाचा एकच मार्ग आहे.

बातमीत ‘परमिट अडलं’ असं येतं तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच दाराशी अडलेलं असतं. शिफारस हातात आली की उरतं ते कागदपत्रांचं काम.

अर्ज खेळाडू करतो का?

शिफारशीचा नाही. तो क्लब करतो. क्लबकडे आधी परदेशी माणूस नोकरीला ठेवण्याचं लायसन्स लागतं. एफएची शिफारस आली की क्लब प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र काढतो आणि त्यावरचा नंबर घेऊन खेळाडू व्हिसाला अर्ज करतो. त्यामुळे ‘आधी परमिट काढून ठेवू, मग क्लब शोधू’ हा बेत चालत नाही. क्लब नसेल तर अर्जाचा विषयच येत नाही.

ते १५ गुण कशाचे?

१ जानेवारी २०२१ पासून गुणपद्धत आली. पास व्हायला १५ गुण. गुण मिळतात ते असे: देशाच्या संघाकडून किती सामने खेळलास, आपल्या लीगमध्ये किती मिनिटं मैदानावर होतास, खंडीय स्पर्धेत (युरोपातल्या चॅम्पियन्स लीगसारख्या) किती मिनिटं, तुझा क्लब लीगमध्ये कितवा आला, खंडीय स्पर्धेत कुठवर गेला आणि तू ज्या लीगमधून येतोस तिचा दर्जा काय. फिफा क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये असलेल्या देशाकडून ठरलेल्या प्रमाणात सामने खेळला असशील तर बाकी काही मोजायची गरजच नाही, थेट पास. २१ पर्यंतच्या पोरांसाठी युवा संघांतले सामनेही धरले जातात.

खरी मेख लीगच्या दर्जात आहे. जगातल्या लीग सहा गटांत टाकल्यात. पहिल्या गटात इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स यांच्या सर्वोच्च लीग. दुसऱ्या गटात पोर्तुगाल, नेदरलँड्स, बेल्जियम वगैरे. असं उतरत जात सहाव्या गटात ‘उरलेले सगळे’. भारत त्या उरलेल्यांत. तेवढीच नव्वद मिनिटं जर्मनीत खेळली तर पोतंभर गुण, सहाव्या गटात खेळली तर चिमूटभर. एफए हे निकष दर हंगामाला तपासून बदलते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा तक्ता घेऊन हिशेब मांडू नका.

म्हणजे पोरगा खेळतो कसा, हे कोणी बघतच नाही?

क्लब बघतो. नियम बघत नाही. नियम विचारतो, तू कुठे खेळलास आणि तुझ्या देशाचा नंबर कितवा. मला विचाराल तर या सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे. एफएची बाजू अगदीच चुकीची नाही. प्रत्येक मुलाचा खेळ बघून निवाडा करत बसलं तर रोज भांडणं होतील, म्हणून मोजता येईल तेच मोजायचं. पण १८-१९ वर्षांच्या पोराकडे मोजण्याजोगं असतं तरी काय? ज्याच्या नावावर आधीच ढीगभर सामने आहेत त्याला ही मोजपट्टी सोयीची. ज्याला अजून कोणी संधीच दिली नाही त्याचं माप घ्यायला ती आखूडच पडते.

अवोनियीचं नाव या चर्चेत सारखं का येतं?

कारण त्याची गोष्ट सांगितली की नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तायवो अवोनियी नायजेरियाचा. २०१३ मध्ये १७ वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. ऑगस्ट २०१५ मध्ये, नुकताच १८ पूर्ण झालेला असताना, लिव्हरपूलने त्याला घेतलं. तेव्हाचा नियम जवळपास फक्त राष्ट्रीय संघाचे सामने बघायचा. देश पहिल्या १० मध्ये असेल तर मागच्या दोन वर्षांतले ३० टक्के सामने, ११ ते २० असेल तर ४५, २१ ते ३० ला ६०, आणि ३१ ते ५० ला ७५ टक्के. पन्नासच्या खाली असाल तर सरळ दार बंद. अवोनियी मोठ्यांच्या राष्ट्रीय संघाकडून तोवर एकही सामना खेळलेला नव्हता.

मग लिव्हरपूल त्याला इतर क्लबांना उसना देत राहिलं आणि सुरू झाली वणवण. जर्मनीत फ्रँकफर्टचा दुसऱ्या श्रेणीतला क्लब, मग नेदरलँड्समध्ये एनईसी, बेल्जियममध्ये मूस्क्रों, गेंट, परत मूस्क्रों, परत जर्मनीत माइंझ, मग युनियन बर्लिन. सहा वर्षं, सहा क्लब, आणि ज्याच्याशी करार होता त्या लिव्हरपूलसाठी स्पर्धात्मक सामना एकही नाही. पुढे नियम बदलले, जर्मन लीगमधल्या मिनिटांना भाव आला आणि २०२१ च्या उन्हाळ्यात त्याचा परवाना एकदाचा सुटला. तोवर उशीर झाला होता. लिव्हरपूलने त्याला युनियन बर्लिनला विकून टाकलं. एका वर्षाने तो इंग्लंडमध्ये आला, पण नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे. आणि २२ ऑक्टोबर २०२२ ला फॉरेस्टने लिव्हरपूलला १-० हरवलं तो गोल कोणाचा? अवोनियीचा.

सगळ्यांच्या गोष्टीला असा शेवट मिळत नाही. त्याच २०१५ मध्ये लिव्हरपूलने ब्राझीलचा ॲलन नावाचा मिडफिल्डर घेतला होता. फिनलंड, बेल्जियम, जर्मनी, सायप्रस, असं फिरून तो २०१९ मध्ये ब्राझीललाच परतला. त्यालाही लिव्हरपूलसाठी स्पर्धात्मक सामना मिळाला नाही.

आता याच्या शेजारी गाब्रिएल मार्टिनेली ठेवा. तोही ब्राझीलचा, तोही १८ चा, आणि येत होता इतुआनो या चौथ्या श्रेणीतल्या क्लबमधून. २०१९ मध्ये थेट आर्सेनलमध्ये दाखल झाला. घराण्याचं मूळ इटलीत, म्हणून खिशात इटालियन पासपोर्ट, आणि ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, मुदत अजून संपायची होती, त्यामुळे युरोपीय पासपोर्टवाल्याला परवाना लागत नव्हता. ॲलनकडे तसला पासपोर्ट नव्हता.

१८ च्या आतल्या मुलाला घेता येतं का?

परदेशातून, फुटबॉलसाठी म्हणून, नाही. हा ब्रिटनचा नियम नव्हे, फिफाचा आहे. देश ओलांडून होणारी बदली १८ पूर्ण झाल्यावरच. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, तर. युरोपीय संघातल्या १६ ते १८ वयाच्या मुलांनाही सूट आहे, पण ब्रेक्झिटनंतर ती ब्रिटनला लागू नाही. सेस्क फाब्रेगास २००३ मध्ये १६ व्या वर्षी बार्सिलोनातून आर्सेनलला आला होता. आज तसं होणार नाही.

म्हणून आता क्लब आधीच बोलणी पक्की करतात आणि वाढदिवसाची वाट बघतात. ब्राझीलच्या एस्तेवाओचा चेल्सीशी सौदा २०२४ मध्येच ठरला, तो गेला २०२५ मध्ये. मधल्या काळात क्लब विश्वचषकात तो पाल्मेइरासकडून चेल्सीविरुद्धच खेळला आणि गोलही करून बसला! होणाऱ्या सासरी जाऊन व्याह्यांचीच फजिती करण्यातला प्रकार.

आयर्लंडच्या पोरांचं दुखणं आणखी वेगळं. आयरिश नागरिकाला ब्रिटनमध्ये काम करायला व्हिसा लागत नाही, शिफारस लागत नाही. पण फिफाचा वयाचा नियम त्यालाही आहे. पूर्वी डब्लिनचं पोर १६ व्या वर्षी समुद्र ओलांडून मँचेस्टर-लिव्हरपूलला जायचं, आता दोन वर्षं घरीच थांबतं. मेसन मेलियाचा टॉटनहॅमशी सौदा २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झाला, जायचं मात्र ठरलं जानेवारी २०२६ ला. आयर्लंडच्या लीगला यातून फायदाच झाला असं माझं मत. निदान पोरं घरच्या प्रेक्षकांना खेळताना दिसतात.

क्लब पोरांना बेल्जियमलाच का पाठवतात?

गुण कमवायला. ब्रायटनने २०२१ मध्ये जपानच्या काओरू मितोमाला घेतलं, पण त्याचे गुण भरत नव्हते. जपानच्या मोठ्यांच्या संघाकडून तो तोवर खेळलेला नव्हता. त्याला एक हंगाम बेल्जियमच्या युनियन सँ-जिलवाझकडे धाडलं. तिथे लीगची मिनिटं मिळाली, जपानच्या संघात जागा मिळाली, आणि २०२२ मध्ये तो ब्रायटनला आला. दोन्ही क्लबांत टोनी ब्लूम यांचे पैसे गुंतलेले, त्यामुळे सगळं घरातल्या घरात. (मितोमाने विद्यापीठात ड्रिब्लिंगवरच, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून चकवत नेण्यावर, प्रबंध लिहिला होता. त्याला वर्षभर थांबवणारा तक्ता ड्रिब्लिंग मोजत नाही.)

हा रस्ता ज्यांना परवडतो त्यांनी तो पक्का बांधून घेतलाय. चेल्सीच्या मालकांकडे फ्रान्समधला स्ट्रासबूर आहे. इक्वेडोरचा केंद्री पाएझ १८ चा होऊन चेल्सीत आला आणि लगेच तिकडे गेला. मँचेस्टर सिटीच्या समूहाने साविन्योला फ्रान्सच्या त्र्वाच्या नावावर घेतलं. तो त्र्वाकडून एकदाही खेळला नाही. नेदरलँड्स आणि स्पेनमधून फिरून २०२४ मध्ये सिटीत पोहोचला. एका देशातून दुसऱ्या देशात उसने देण्या-घेण्यावर फिफाने मर्यादा घातली आहे, आता प्रत्येकी सहा. पण २१ पर्यंतची पोरं तिच्यात धरलीच जात नाहीत, म्हणजे ज्यांची सर्वांत जास्त फिरवाफिरव होते तीच मर्यादेबाहेर.

लहान क्लबाकडे बेल्जियममध्ये भाऊबंद नसतात. तो अशा पोराच्या वाटेलाच जात नाही.

ब्रेक्झिटच्या आधी सगळं मोकळं होतं का?

युरोपीय पासपोर्टवाल्यांना होतं, बाकीच्यांना कधीच नव्हतं. ही कुरबूर शंभर वर्षं जुनी आहे. १९३० मध्ये आर्सेनलला ऑस्ट्रियाचा गोलकीपर रूडी हिडेन हवा होता. कामगार खात्याने नकार दिला आणि पुढच्या वर्षी एफएने नियमच केला, परदेशी खेळाडू दोन वर्षं इथे राहिलेला असला पाहिजे. हा नियम १९७८ पर्यंत टिकला. तो उठला आणि त्याच उन्हाळ्यात अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि व्हिला टॉटनहॅमला आले. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंना दार सताड उघडलं.

ब्रेक्झिटने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला पोरगा आणि कोलंबियातला पोरगा यांचा तक्ता आता एकच. त्यातून एक मजेशीर गोष्ट घडली: युरोपचा सोपेपणा गेल्यावर इंग्लिश क्लब दक्षिण अमेरिकेकडे जास्त बारकाईने बघू लागले. मोइसेस काइसेदो फेब्रुवारी २०२१ मध्ये इक्वेडोरहून ब्रायटनला आला, तो या नव्या पद्धतीच्या पहिल्याच महिन्यांत. अडीच वर्षांनी चेल्सीने त्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले.

१५ गुण भरलेच नाहीत तर?

दोन खिडक्या आहेत. एक जुनी, अपवाद समितीची. नव्या पद्धतीत १० ते १४ गुणांवाल्याचं प्रकरण तिच्यापुढे मांडायची सोय ठेवली गेली. दुसरी २०२३ च्या जूनपासूनची. गुण न भरणाऱ्या, पण ‘मोठं योगदान देऊ शकेल’ अशा खेळाडूंसाठी क्लबला राखीव जागा. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांना चारपर्यंत, त्याखालच्या लीग वन आणि लीग टूला दोनपर्यंत. मात्र मोठ्या क्लबांच्या जागा किती, हे ते इंग्लिश खेळाडूंना किती मिनिटं खेळवतात त्यावर ठरतं. घरच्या पोरांना खेळवा, मग बाहेरचा आणा. माझ्या मते या सगळ्या नियमावलीतला हा सर्वांत शहाणा नियम आहे. आज अवोनियी १८ चा असता तर कदाचित याच खिडकीतून आला असता.

सुनील छेत्रीला का अडवलं होतं?

२००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचा तीन वर्षांचा करार ठरला होता. परवाना नाकारला, कारण भारत फिफाच्या पहिल्या ७० मध्ये नव्हता.

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ डोक्यात शिरत नाही. भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ९४, फेब्रुवारी १९९६ मधला. म्हणजे सत्तरची अट आली तेव्हापासून ती पन्नास झाली तोवर एकही दिवस असा नव्हता की भारतीय खेळाडू त्या अटीत सरळ बसला असता. छेत्रीचा खेळ कमी पडला की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही.

बायचुंग भूतिया सप्टेंबर १९९९ मध्ये इंग्लंडच्या ‘बरी’ या क्लबला गेला, तो तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. दार अगदी कुलूपबंद कधीच नव्हतं. पण एवढ्या वर्षांत पटकन आठवणारं नाव ते एकच, यावरून काय ते समजा.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मालक तर पुण्याचे. मग आपल्या मुलांना का घेत नाहीत?

हा प्रश्न हमखास येतो, आणि जरा रागातच येतो. व्यंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न घेतलं, हे खरं. पण मालकाचा पत्ता पुण्याचा असला म्हणून एफए गुण वाढवून देत नाही. मालक सरावाला बोलावू शकतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला, तिथे सराव करून आलाय. सराव आणि करार यांच्यामध्ये तेच १५ गुण उभे असतात.

गोव्यातल्या मुलांना पोर्तुगीज पासपोर्टचा उपयोग होतो का?

ब्रिटनसाठी, ३१ डिसेंबर २०२० पर्यंत भरपूर झाला असता. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळू शकतो. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये एवढं मोठं गोंयकार गाव वसलं ते त्याच जोरावर. ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्याला तोही इतर परदेशी पासपोर्टसारखाच. पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियममध्ये मात्र अजून मोलाचा आहे, आणि गुण तिथेच जमतात हे वर आलंच.

पण घेण्याआधी एक गोष्ट घरात बसून बोला. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि त्याबरोबर भारताच्या संघात खेळण्याचा हक्कही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा यान धांडा भारताच्या जर्सीत दिसला नाही, आणि त्याच इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी २०२५ पासून बांगलादेशकडून खेळतोय. उलट बाजूने अराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा कुठे त्याला भारताकडून खेळता आलं. पुणे एफसीच्या जुन्या प्रेक्षकांना तो आठवत असेल.

शिकायला गेलो आणि तिथे क्लबकडून खेळलो तर?

कॉलेजच्या संघात, हौशी क्लबात, खुशाल खेळा. पण विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. यातली फसगत अशी की ‘पैसे घेतले नाहीत’ एवढं पुरत नाही. व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक पातळीवर खेळलात तर मानधन घेतलं की नाही याने फरक पडत नाही. रविवारी पब लीग खेळता खेळता कोणी वरच्या क्लबात बोलावलं, तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कचेरीत जाऊन या.

मुलींसाठी वेगळे नियम आहेत का?

आहेत, महिला लीगसाठी एफएचा तक्ता वेगळा. अदिती चौहान लफबरो विद्यापीठात शिकायला गेली होती आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात पोहोचली. बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी व्यावसायिक करार केला. युरोपात असा करार करणारी ती पहिली भारतीय महिला. या बाबतीत आपल्या मुली मुलांच्या पुढे आहेत.

एक एजंट म्हणतो, ट्रायलसाठी परमिट काढून देतो. इतके लाख लागतील.

फोन ठेवा. ट्रायलला परमिट लागतच नाही. साध्या व्हिजिटर व्हिसावर ट्रायल देता येते, अट एवढीच की ती तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नसावी. थोड्या दिवसांचा सरावही करता येतो, फक्त तिथल्या क्लबने पैसे देता कामा नयेत. आणि शिफारशीचा अर्ज क्लब करतो हे वर सांगितलंय, म्हणजे एजंट ‘काढून देतो’ म्हणतो ते त्याच्या हातातच नाही. फिफाकडे लायसन्स असलेल्या एजंटांची यादी नावानिशी बघता येते. माझ्या ओळखीच्या एका घराने शेताचा तुकडा विकून असे पैसे भरले. मुलगा तीन आठवडे भाड्याच्या मैदानावर, भाड्याच्या कोचसमोर धावून परत आला. क्लबचं बोलावणं आलं तर क्लबच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः विचारणा करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नको.

खर्च, भाषा, तपासण्या?

आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, १८ च्या आतल्यांना ७७६. व्हिसाची फी वेगळी. हे सगळं बहुतेक क्लब भरतो, पण करारात तसं लिहून घ्या. भारतातून सहा महिन्यांहून जास्त जाणार असाल तर टीबीची तपासणी लागते. बारा महिन्यांपेक्षा मोठ्या व्हिसाला अगदी प्राथमिक इंग्रजीची परीक्षा. व्हिसा एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि सलग पाच वर्षं झाली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

स्कॉटलंडमधून शिरणं सोपं का?

स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांच्या संघटना वेगळ्या, शिफारसही त्यांचीच. व्हिसा मात्र सगळीकडे एकच. स्कॉटलंडची सर्वोच्च लीग गटवारीत भारतापेक्षा बरीच वर आहे, त्यामुळे तिथे खेळलेल्या मिनिटांना इंग्लंडच्या तक्त्यात वजन आहे. पण आधी तिथे शिरायला तिथल्या संघटनेचे निकष भरावेच लागतात.

एकदा मिळाला की निश्चिंत?

व्हिसा त्या क्लबशी बांधलेला असतो. दुसऱ्या क्लबात जायचं तर नवं प्रमाणपत्र, नवा अर्ज. क्लबने करार मध्येच संपवला तर गृहखातं व्हिसाची मुदत कमी करतं, साधारण ६० दिवसांवर आणतं. तेवढ्यात नवा क्लब शोधायचा, नाहीतर सामान बांधायचं. आणि ते ६० दिवस खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडी आहे की बंद, हे बघून येत नाहीत.